त्याला पाणी कोण देणार?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या सहलीत हॅमिल्टनचं विमान संग्रहालय बघून आलीस आणि जेवताना विचारलंस, "बाबा, पितृपक्षात आपण फक्त आपल्या घरच्यांनाच पाणी देतो. मग त्या लँकॅस्टरमधल्या गनरसारख्या माणसाला आपल्यात कोण देतं? की परक्यांसाठी काही नसतंच?" लँकॅस्टर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्ब टाकणारं विमान, आणि गनर म्हणजे त्यातला तोफची, मशीनगन चालवणारा. दोन घासांमध्ये सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहून देतो.

आधी तो माणूस कोण होता ते नीट लक्षात घे. अँड्र्यू मायनार्स्की 1916 साली विनिपेगमध्ये जन्मला. आईवडील पोलंडहून आलेले, म्हणजे आपल्यासारखंच बाहेरून येऊन इथे रुजलेलं घर. कॅनडाच्या हवाई दलात तो मिड-अपर गनर होता. विमानाच्या पाठीवर काचेचा घुमट असतो ना, तिथे त्याची जागा. शेपटीत बसायचा रिअर गनर पॅट ब्रॉफी, त्याचा दोस्त. शेपटीतली जागा तू बघितलीस. चार मशीनगन, मागे दोन छोटी दारं, आणि आत पॅराशूट ठेवायलाही जागा नाही, ते दाराबाहेर विमानाच्या पोटात अडकवलेलं. टरेट, म्हणजे मशीनगनसकट फिरणारी ती खोळ, सरळ रेषेत आणल्याशिवाय दारातून विमानात येता येत नाही, आणि ते फिरतं इंजिनाच्या जोरावर.

12 जून 1944 च्या रात्री त्यांचं विमान फ्रान्समधल्या कॅम्ब्रेच्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायला निघालं होतं. जर्मन लढाऊ विमानाने गाठलं, डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आग लागली. कप्तानाने उड्या मारायला सांगितलं. मायनार्स्की दारापाशी पोचलाही होता. तेवढ्यात त्याला दिसलं की ब्रॉफी अडकलाय. टरेट वाकडं होऊन बसलेलं, हाताने फिरवायचं हँडल तुटलेलं, आणि मधे जळतं तेल. तो त्या आगीतून रांगत गेला. कुऱ्हाडीने दारं फोडायचा प्रयत्न केला, मग नुसत्या हातांनी. कपडे पेटले. ब्रॉफीनेच हाताने खुणा करून त्याला जायला लावलं. तो परतला, दारात उभा राहिला, ब्रॉफीकडे तोंड करून सॅल्यूट केला आणि जळत्या पॅराशूटसह उडी टाकली. खाली गावकऱ्यांना सापडला, पण भाजल्याने गेला. वय 27. आणि ब्रॉफी? विमान कोसळताना तो बाहेर फेकला गेला आणि जगला.

त्या आगीत काय घडलं ते बघणारा ब्रॉफी एकटाच होता. त्याने परत येऊन सांगितलं, म्हणून 1946 साली मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळालं. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये उडालेल्या सुमारे सव्वा लाख माणसांपैकी 55,573 मेली. त्यातल्या कितीतरी विमानांतून सांगायला कुणीच परत आलं नाही. आणि हेही विसरू नकोस की त्या विमानांच्या पोटात बॉम्ब होते, त्यांनी शहरंच्या शहरं जळली, बायकामुलं मेली. त्या पोरांचं धाडस आणि ही राख, दोन्ही खरं आहे. एक सांगताना दुसरं झाकायचं नाही.

आता आपल्याकडचं. पितृपक्षातली चतुर्दशी मुळी शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठीच राखलेली आहे. एरवी ज्याची जी तिथी तीच त्याची, पण युद्धात पडलेल्याला ही वेगळी तिथी. तर्पणात आधी वडील, आजोबा, पणजोबा, आई, मग सगळं गोत. पाणी बोटांवरून सोडायचं नाही, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून तिळासकट सोडायचं. पण शेवटची ओंजळ असते ती जे आपले नातलग नव्हते त्यांना, ज्यांच्यामागे कुणी उरलं नाही त्यांना, थेट गवताच्या पात्यापर्यंत सगळ्यांना. तेव्हा परक्यांसाठी काही नसतं असं मुळीच नाही.

आणि वीरगळ. महाराष्ट्रात गावोगावी देवळाबाहेर, वेशीवर असे उभे दगड दिसतील. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, कधी पळवून नेलेली गुरं, पडलेला वीर. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला नेताहेत, त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, अगदी वर चंद्रसूर्य. बोरिवलीच्या एकसरमधल्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. बहुतेक दगडांवर नाव नाही. पण तो कसा पडला ते मात्र कोरलेलं आहे. इंग्लंडमध्ये रनीमीडच्या स्मारकावर याच्या उलट. तिथे कबर नसलेल्या वीस हजारांवर हवाई सैनिकांची नावं आहेत, नुसती नावं. मला विचारशील तर माणसाला दोन्ही मिळायला हवं.

मायनार्स्की गेल्यावर महिनाभरातच, 10 जुलै 1944 ला, रायगडातल्या माणगावकडचे यशवंत घाडगे इटलीत पडले. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, वय 22. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ते घेतलं, आणि मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनोच्या युद्धस्मारकावर आहे.

मायनार्स्की ख्रिस्ती होता. त्याचं श्राद्ध आपण घालायचं नाही, ते त्याच्या माणसांचं. त्याच्यासाठी युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा 11 नोव्हेंबर आहे, त्या दिवशी छातीवर लावायचं पॉपीचं फूल आहे, ते मनापासून लाव. पण शेवटच्या ओंजळीच्या वेळी त्याचं नाव मनात आणायला कुणाचीच हरकत नाही. माझे वडील हयात आहेत म्हणून मी तर्पण करत नाही, आजोबा करतात. पितृपक्षातल्या चतुर्दशीच्या आदल्या दिवशी त्यांना फोन कर आणि ब्रॉफीने सांगितलं तसं सगळं त्यांना सांग, सॅल्यूटसुद्धा. आणि आपल्या गावच्या देवळामागच्या वीरगळाबद्दल त्यांना विचार, त्यांच्या आजीने त्यांना काय सांगितलं होतं ते.

तुझा,
बाबा