समुपदेशक सल्ला देत नाहीत, मग नेमके करतात काय?

परभणी जिल्ह्यातील तुमचे थोरले बंधू सोयाबीन हातचे गेल्यापासून घरात कोणाशी फारसे बोलत नाहीत, रात्र रात्र जागे असतात, समुपदेशकांकडे दोन वेळा जाऊन आले आणि आता ‘तिथे नुसते बोलायचे आणि परत यायचे, सल्ला तर काही देत नाहीत’ असे म्हणून तिसऱ्या भेटीला जायला तयार नाहीत. तेव्हा समुपदेशक बदलावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी मराठवाड्यात बरीच वर्षे हेच काम करीत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ही की तुमच्या भावाची अडचण त्यांच्या मनात तयार झालेली नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्याकडे उभी पिके पाण्यात गेली, नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या, आणि डोक्यावरचे कर्ज मात्र होते तिथेच राहिले. अशा माणसाला ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणारा समुपदेशक त्याला एकटे पाडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगला समुपदेशक आधी हे मान्य करतो की संकट खरे आहे, ते बाहेरून आलेले आहे आणि त्याचा त्रास होणे स्वाभाविक आहे. कर्ज फेडणे किंवा पाऊस थांबवणे त्याच्या हातात नसते. त्या संकटाखाली दबून माणसाची विचार करण्याची, झोपण्याची, चार माणसांत बसण्याची आणि निर्णय घेण्याची जी शक्ती गेलेली असते, ती परत यावी एवढ्यासाठी तो काम करतो.

आता सल्ल्याविषयी. तुमच्या भावाला सल्ल्याची कमतरता होती का, याचा विचार करा. सोयरे, पारावर बसणारी मंडळी, कृषी केंद्राचा दुकानदार, सगळ्यांनी काही ना काही सांगितलेच असेल. जे त्यांना कुठेच मिळाले नसेल ते म्हणजे मनातले सगळे बोलता येईल असे माणूस. बायकोपुढे बोलावे तर ती खचेल, वडिलांपुढे बोलावे तर मान खाली जाते, मित्रापुढे बोलावे तर गावभर होईल, या विचाराने आपल्याकडचे पुरुष महिनोन्महिने गप्प राहतात आणि शेवटी डोके जड झाले, छातीत धडधडते अशा तक्रारी घेऊन डॉक्टरकडे जातात. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडले होते की उपचार करणाऱ्याची समोरच्याला समजून घेण्याची ताकद, त्याचा विनाअट स्वीकार आणि स्वतःचा सच्चेपणा या गोष्टींवर बदल अवलंबून असतो. पहिल्या भेटींतले ते ‘नुसते ऐकणे’ म्हणजे हीच पायाभरणी असते.

त्याच वेळी समुपदेशक बरेच काही तपासतही असतो. झोप केव्हापासून गेली, जेवण किती कमी झाले, दारूचे प्रमाण वाढले का, पूर्वी असे कधी झाले होते का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मरणाचे विचार येतात का. हा प्रश्न आम्ही थेट विचारतो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती घरोघरी असते, पण ती निराधार आहे. उलट कोणीतरी सरळ विचारले म्हणून माणूस मोकळा होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पुढच्या भेटींत काय होते, ते एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक शेतकरी ‘मी पुरता बुडालो’ एवढेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि देणे कोणाचे किती ते त्यांच्याच हाताने लिहायला सांगितले. बँकेचे पीककर्ज, सोसायटी, कृषी केंद्राची उधारी, मेहुण्याकडून उसने घेतलेले, आणि बराच वेळ थांबून, आवाज खाली आणून सांगितलेले सावकाराचे. हे शेवटचे देणे घरात कोणालाच माहीत नव्हते. बेरीज मोठीच निघाली, पण त्यांनी मनात धरलेल्या आकड्यापेक्षा कमी होती. मग कोणते देणे या महिन्यातच विचारले जाईल, कोणते पुढच्या हंगामापर्यंत थांबू शकेल आणि कोणाशी आधी बोलावे लागेल, अशा खुणा त्यांनी स्वतःच केल्या. मी सांगितले काहीच नाही, विचारत तेवढी गेले. सावकाराची गोष्ट पत्नीला कशी सांगायची, याची तयारी करण्यात मात्र पुढची संपूर्ण भेट गेली.

विचारांवरचे कामही असेच चालते. अॅरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत माणसाच्या मनात आपोआप येणारे विचार त्याच्यासोबत बसून तपासले जातात. ‘माझ्यावर कर्ज आहे’ हे खरे आहे, ते खोडायचे नाही. ‘माझ्यामुळे घर बुडाले, मी कशाच्याच लायकीचा नाही’ हे मात्र तपासायचे, कारण पाऊस सगळ्या शिवारावर पडला होता. याच्या जोडीला रोजच्या व्यवहारातली एखादी छोटी कृती ठरवली जाते. जो माणूस दिवसभर अंथरुणात पडून असतो, त्याने सकाळी फक्त शेतातल्या आखाड्यावर जाऊन जनावरांना वैरण टाकून यावे, एवढेच पुरते. मन लागले की कामाला जाईन असे तो म्हणत असतो, पण पुष्कळदा आधी पाय निघतात आणि मन त्यानंतर सावरते.

घरच्यांनी काय करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते, कारण ते टाळता येणार नाही. ‘आत काय बोललास?’ असे भावाला विचारू नका आणि समुपदेशकांनाही विचारू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार गोपनीयता हा त्यांचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तेव्हाच आम्ही घरच्यांना विश्वासात घेतो. फवारणीचे औषध घरात किंवा आखाड्यावर सहज हाती लागेल असे राहू देऊ नका, कुलुपात ठेवा, शक्य असल्यास दुसऱ्याकडे ठेवा. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले, इतका या एका गोष्टीचा परिणाम आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रसंग कोणत्याही घरात घडलाच, तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच २०१७ चा हा कायदा गृहीत धरतो आणि तिला उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. रात्री-अपरात्री काळजी वाटली तर टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

समुपदेशक औषध देत नाहीत. झोप आणि भूक दोन्ही गेली असेल आणि काही आठवड्यांत फरक दिसत नसेल, तर त्यांनी स्वतःहून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायला हवे, आणि औषधे सुरू झाली तरी भेटी चालू ठेवता येतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन भेटींवरून समुपदेशक बदलू नये, असे मला वाटते. तिसऱ्या भेटीला भावाने जावे आणि ‘मला इथे येऊन काय मिळणार, ते मला कळत नाही’ असे समुपदेशकांनाच तोंडावर सांगावे. अनुभवी समुपदेशकाला त्याचा राग येत नाही. तो तिथेच थांबून पुढच्या भेटींत काय साधायचे हे तुमच्या भावासोबत ठरवतो. याउलट त्यांनी उपदेश सुरू केला, घरची गोष्ट बाहेर बोलली गेली, कर्जाला नशिबाचा भोग म्हटले, किंवा मरणाच्या विचारांची एकदाही चौकशी केली नाही, तर विनासंकोच दुसरीकडे जा. भाऊ एकटे निघत नसतील तर वहिनींनी किंवा तुम्ही सोबत जावे आणि ते आत बोलत असताना बाहेरच्या बाकावर बसावे.