वाचकांचे प्रश्न: माणूस जागेवर नसेल, तर फोन कुठे वाजावा?

प्रश्न: आमच्या कार्यालयात अ‍ॅस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारा पीबीएक्स (कार्यालयातले टेलिफोन एक्सचेंज) आहे. जागेवरून उठताना फॉरवर्डिंग लावणे आणि परतल्यावर काढणे कुणाच्याच लक्षात राहत नाही. खिशातला मोबाइल जवळ आहे की नाही, हे ओळखून एक्सचेंजनेच हे काम करावे, असे जमेल का?

उत्तर: जमेल, आणि फारसे सामानही लागत नाही. ब्लूटूथ असलेला लिनक्सचा एक छोटा संगणक (रास्पबेरी पाय पुरतो) आणि ठरावीक वेळाने चालणारी एक स्क्रिप्ट एवढे बस्स. प्रत्येकाच्या मोबाइलचा ब्लूटूथ पत्ता फोनच्या सेटिंगमधून एकदा उतरवून घ्या. ब्लूटूथ चालू असलेला फोन शोधयादीत दिसत नसला, तरी नेमक्या त्याच्या पत्त्यावर नाव विचारले की सहसा उत्तर देतो. पेअरिंगही करावे लागत नाही. उत्तरावरून स्क्रिप्ट अ‍ॅस्टरिस्कच्या अंतर्गत डेटाबेसात त्या माणसाच्या एक्स्टेन्शनपुढे (अंतर्गत क्रमांकापुढे) ‘आत’ किंवा ‘बाहेर’ लिहिते. कॉल आला की डायलप्लॅन (कॉल कुठे पाठवायचा याची नियमावली) तेवढेच वाचतो.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. फोन जवळ असला तर लगेच उत्तर येते. नसला तर यंत्रणा नेहमीच्या सेटिंगमध्ये सुमारे ५ सेकंद वाट पाहते. म्हणजे दहाजण बाहेर गेले की एका फेरीला जवळपास मिनिट लागते. फेरीचे अंतर ३० सेकंद ठेवले असेल, तर एक फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होते आणि दोन्ही अडकतात. पहिली संपल्याशिवाय दुसरी सुरू होणार नाही, अशी कुलपाची सोय स्क्रिप्टमध्ये हवीच.

दुसरे, एकदा उत्तर आले नाही म्हणजे माणूस गेला असे नाही. मधे माणसे, लोखंडी कपाटे, भिंती येतात. म्हणून नियम तिरका ठेवा: एक उत्तर आले की लगेच ‘आत’, पण सलग चार-पाच फेऱ्या चुकल्या तरच ‘बाहेर’.

डायलप्लॅनमध्येही एक पथ्य पाळा. ‘आत’ असेल तर आधी टेबलावरचा फोन २० सेकंद, मग मोबाइल. ‘बाहेर’ असेल तर दोन्ही एकदम. फक्त मोबाइल कधीच नको. मोबाइल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत असतो, बॅटरी संपते. तेव्हा चुकीच्या अंदाजाची किंमत चार जादा रिंगांएवढीच असली पाहिजे, हुकलेल्या कॉलएवढी नाही.

प्रश्न: ब्लूटूथऐवजी वाय-फाय राउटरची यादी वाचली तर?

उत्तर: इमारत मोठी असेल तर हे बरे, कारण पल्ला जास्त मिळतो. पण राउटरने कुणाला आयपी पत्ता दिला आहे, ही यादी वापरू नका. तो पत्ता तासन्‌तास त्याच फोनच्या नावावर राहतो, माणूस घरी पोहोचला तरी. अ‍ॅक्सेस पॉइंटला (वाय-फाय पुरवणाऱ्या उपकरणाला) या क्षणी कोण जोडलेले आहे, तेच विचारा. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायवर बनावट मॅक पत्ता (नेटवर्कवरची उपकरणाची ओळख) दाखवतात. कार्यालयाच्या नेटवर्कपुरती ती सोय प्रत्येकाने बंद केली नाही, तर एक दिवस फोन अनोळखी होऊन बसतो. पिंगवरही (‘आहेस का?’ असे विचारणाऱ्या नेटवर्क-संदेशावरही) विसंबू नका. स्क्रीन बंद झाल्यावर झोपलेला फोन पिंगला वेळेवर उत्तर देईलच असे नाही.

प्रश्न: आमची माणसे दिवसभर साइटवर असतात. नकाशावर आखलेल्या जीपीएसच्या कुंपणाने हे करता येईल का?

उत्तर: येईल, पण ‘कार्यालयात’ की ‘कार्यालयाबाहेर’ एवढ्याच प्रश्नासाठी. कोणत्या मजल्यावर, हे जीपीएसला विचारू नये. कुंपणाची त्रिज्या १०० ते १५० मीटरपेक्षा कमी ठेवली, तर माणूस खुर्चीत बसलेला असतानाही फोन आत-बाहेर करत राहतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन वापरात नसताना ठिकाण क्वचितच तपासतो, त्यामुळे कुंपण ओलांडल्याची बातमी दोन-तीन मिनिटे उशिरा येणे नेहमीचेच. फोन बराच वेळ एका जागी पडून असेल, तर आणखी उशीर. हा उशीर चालणार नसेल, तर कार्यालयात शिरण्याची खूण वाय-फायवरून घ्या आणि जीपीएस बाहेरच्या कामापुरते ठेवा.

प्रश्न: दोन्ही फोन एकदम वाजवतो, पण मोबाइल बंद असला की टेबलावरचा फोनही एका रिंगनंतर थांबतो. का?

उत्तर: मोबाइलच्या व्हॉइसमेलने कॉल उचलला म्हणून. एक्सचेंजच्या लेखी माणसाने उचलले काय आणि यंत्राने उचलले काय, सारखेच. उपाय म्हणजे खातरजमा: मोबाइल उचलणाऱ्याला ‘कॉल घ्यायचा असल्यास १ दाबा’ असे ऐकवायचे आणि १ दाबल्यावरच जोडायचे. फ्रीपीबीएक्समध्ये (अ‍ॅस्टरिस्क वेब-पानांवरून चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘फॉलो मी’च्या पानावर ही सोय तयार आहे, नुसत्या अ‍ॅस्टरिस्कमध्ये डायलच्या आज्ञेला एक छोटी उपप्रक्रिया (सबरूटीन) जोडावी लागते. व्हॉइसमेल १ दाबत नाही, त्यामुळे टेबलावरचा फोन वाजत राहतो. हेच करताना मोबाइलवर ‘उचलला नाही तर कार्यालयाला पाठवा’ असे कुणी लावलेले नाही ना, तेही पाहून घ्या. नाहीतर कॉल दोघांमध्ये फेऱ्या मारतो आणि सगळ्या लाइनी अडवतो.

प्रश्न: हे चालू केल्यापासून ‘सर्व लाइन व्यग्र’ वारंवार येते.

उत्तर: बाहेरून आलेला कॉल पुन्हा बाहेर पाठवला की एक चॅनेल (एका वेळी एकच कॉल नेणारी लाइन) येण्यात आणि एक जाण्यात अडकतो. चार चॅनेलांवर असे दोनच कॉल मावतात. चॅनेल वाढवा किंवा एका वेळी किती फॉरवर्ड चालतील याला मर्यादा घाला. फॉरवर्डिंगचा क्रमांक यादीतलाच असावा, अशीही अट टाका. खुला सोडला, तर कुणीतरी परदेशी महागडा क्रमांक भरून बिल फुगवतो. एक्सचेंज फोडणाऱ्यांची ही आवडती वाट आहे.

प्रश्न: ही कल्पना नवी आहे का?

उत्तर: मुळीच नाही. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी नेमक्या याच कामासाठी ‘अ‍ॅक्टिव्ह बॅज’ बनवला. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९९२ चा. छातीवरचा बिल्ला साधारण दर १५ सेकंदांनी अवरक्त संकेत सोडे, खोल्यांत बसवलेली संकेत टिपणारी उपकरणे तो पकडत आणि स्वागतकक्षाला जवळचा फोन कळे. अवरक्त किरण भिंतीपार जात नाहीत, म्हणून खोली अचूक कळे. ब्लूटूथला आजही ते साधत नाही: शेजारच्या खोलीतला माणूसही त्याला ‘जवळ’च वाटतो.

प्रश्न: कर्मचारी म्हणतात, ही पाळत आहे.

उत्तर: त्यांची शंका रास्त आहे. फॉरवर्डिंगला लागते ती फक्त आत्ताची स्थिती. म्हणून जुनी नोंद पुसून तिच्यावरच नवी लिहा, वेळ साठवू नका आणि स्क्रिप्टची लॉग फाइल बंद ठेवा. हजेरीचा हिशेब त्यातूनच निघतो. प्रत्येकाला स्वतःच्या एक्स्टेन्शनवरून एक कोड फिरवून हे बंद करता आले पाहिजे, आणि बंद असताना डायलप्लॅनने त्याला ‘आत’ धरावे.