मोफत, मुक्त आणि मोकळीक

नळदुर्ग परिसरातल्या एका शिक्षकांनी विचारलंय : शाळेच्या स्मरणिकेत किल्ल्यातल्या पाणीमहालाचा (नदीच्या बंधाऱ्यातच बांधलेल्या महालाचा) फोटो छापायचा आहे. फोटो विकिमीडिया कॉमन्सवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या मुक्त चित्रांच्या संग्रहातून घेतलाय. त्याखाली 'मोफत छायाचित्र' लिहावं की 'मुक्त छायाचित्र'? अर्थ एकच ना?

नाही सर, एकच नाही. 'मोफत' फारसी 'मुफ्त'वरून आलेला. आमच्याकडची जुनी माणसं अजून 'मुफत'च म्हणतात. हा शब्द फक्त दामाचं बोलतो : पैसे पडले नाहीत, एवढंच. 'मुक्त' संस्कृत 'मुच्' धातूचा. त्यात सोडणं आहे, बंधन काढणं आहे. उच्चार जवळचे असले तरी दोघांचं कूळ वेगळं. इंग्रजीतला 'फ्री' दोन्ही अर्थ एकाच पोटात घेतो, तिथून हा गोंधळ आपल्याकडं आला. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतो. त्या 'मुक्ती'चा अर्थ मराठवाड्यातल्या पोराला समजावून सांगावा लागत नाही.

हा फरक व्यवहारातही दिसतो. अनस्प्लॅश या फोटोंच्या संकेतस्थळावरचे फोटो आधी 'सीसी झीरो' (क्रिएटिव्ह कॉमन्स झीरो) खाली, म्हणजे कुठलीच अट न ठेवता मिळत. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःचा परवाना आणला. फोटो आजही विनापैसे उतरवता येतात, पण ते गोळा करून तसाच दुसरा संग्रह उभारायला मनाई आहे. म्हणजे मोफत आहेत, पूर्ण मुक्त नाहीत. विकिमीडिया कॉमन्स २००४ पासून याबाबत कडक आहे. 'व्यापारी वापर नको' किंवा 'बदल करू नका' असा परवाना असलेलं चित्र तिथं ठेवूनच घेत नाहीत.

पण 'मुक्त' म्हणजे 'मोकाट'ही नव्हे. स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडंच असतो. तो आपण होऊन सांगतो : वापरा, छापा, विकलंत तरी चालेल, फक्त माझं नाव लिहा. याला आपल्या बोलीत फार नेमका शब्द आहे, 'मोकळीक'. 'मोकळा' हा 'मुक्त'च्याच कुळातला, आणि मोकळीक कुणीतरी कुणाला तरी दिलेली असते. 'परवाना' म्हटलं की कचेरी आठवते, मोकळीक म्हटलं की देणारा माणूस. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेचे तयार परवाने २००२ पासून हेच काम करतात. लिहिताना 'मुक्त परवाना' ठेवा, पण पोरांना समजावताना 'मोकळीक'च म्हणा, असा माझा आग्रह आहे.

तुम्ही न विचारलेली एक गोष्टही सांगतो, कारण स्मरणिकांमध्ये ती सर्रास चुकते. फोटोखाली 'साभार' किंवा 'सौजन्य : इंटरनेट' लिहून श्रेय दिलं असं होत नाही. सौजन्य दाखवलं ते माणसानं. भर उन्हात किल्ला चढून, बोरी नदीचं पाणी बंधाऱ्यावरून कोसळेपर्यंत थांबून कुणीतरी तो फोटो काढला आणि आपल्यासाठी मोकळा केला. मोबदल्यात त्यानं मागितलंय ते फक्त नाव.

तेव्हा 'मोफत छायाचित्र'ही नको आणि नुसतं 'मुक्त छायाचित्र'ही नको. फोटोच्या पानावर परवाना दिलेला असतो, तो बघा. 'सीसी बाय-एसए ४.०' (नाव द्या आणि बदल केलात तर त्याच अटींवर पुढं द्या, असं सांगणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना) असेल तर ओळ अशी लिहा : 'पाणीमहाल, नळदुर्ग. छायाचित्र : अमुक अमुक, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०', आणि परवान्याचा दुवाही द्या. फोटो कापला किंवा रंग बदलला असेल तर तेही नोंदवा. असा बदललेला फोटो पुढं देताना त्याच अटींवर द्यावा लागतो. 'अमुक अमुक'च्या जागी नाव मात्र त्या पानावर जसं आहे तसंच घ्या, टोपणनाव असलं तरी.