मे महिन्यात ठाण्याहून नागपूरला गाडीने जायचंय, टायरमध्ये हवा कमी ठेवू का?

तुम्ही लिहिलंय की टायर ४२ हजार चाललेत, समृद्धीने जायचंय, काका म्हणतात उन्हात हवा फुगते म्हणून चार-पाच पॉइंट (पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) कमी ठेव आणि पंपवाला म्हणतो नायट्रोजन भरा. नायट्रोजनचं नंतर बघू, आधी काकांचं, कारण हेच वाक्य आमच्या घरात पाच जणांच्या जिवावर बेतलं होतं.

कमी ठेवू नका. अजिबात नाही.

२०२२ चा मे. आम्ही कोलशेतला राहतो, साताऱ्याला मामेबहिणीचं लग्न होतं. गाडीत मी, बायको, आई, ताई, दाजी, डिकीत आहेराचं सामान आणि आंब्याच्या दोन पेट्या. माजिवड्याच्या पंपावर मी पोराला ३३ सांगितलं तर दाजी खिडकीतून म्हणाले, अरे २८ टाक, एक्स्प्रेसवेचं सिमेंट तापतं, टायर फुटेल. मी म्हटलं दारावरच्या कंपनीच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. तर म्हणे कंपनीवाल्यांना आपलं ऊन काय माहीत. आई पण म्हणाली ऐक त्यांचं, ते एवढी वर्षं गाडी चालवतायत. पंपावर मागे रांग, दाजी घरचे जावई, कुठे वाद घालायचा, २८ टाकली आणि निघालो.

कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागलो, शंभरच्या आत होतो, खोपोलीच्या अलीकडे मागून थडथड यायला लागली, मला वाटलं रस्ताच तसा आहे, आणि तेवढ्यात धाडकन आवाज होऊन मागचा डावा फुटला, गाडी डावीकडे खेचायला लागली. ब्रेक मारला नाही. स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं, अॅक्सिलरेटर सोडला, वेग आपोआप उतरू दिला आणि मग कडेला घेतली (तुमच्यावर वेळ आली तर हेच करा, ब्रेक मारला की गाडी फिरते). भर दुपारी सगळं सामान उतरवून स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा जेमतेम. आई कितीतरी वेळ ताईचा हात सोडत नव्हती. आणि दाजी काय म्हणाले? "बघ, मी म्हणत होतो ना, ऊन. २८ पण जास्तच झाली."

हे मला आजपर्यंत सलतंय.

तो टायर मी फेकला नाही, परत आल्यावर कापूरबावडीच्या टायरवाल्याकडे नेला. त्याने आत हात घातला आणि मूठभर काळी पावडर बाहेर काढली. आतल्या बाजूने साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) गोल कडं पडलेलं, सगळीकडून घासलेलं. म्हणाला, साहेब हा कमी हवेवर पळालाय. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि उलगडते, शंभरच्या वेगाला मिनिटात साधारण नऊशे वेळा. तार वाकवून वाकवून तोडताना गरम होते ना, तसंच. टायर आतून तापतो आणि रबर सुटायला लागतं. हवा उन्हात वाढते हे खरंय, ३३ ची चालून ३७-३८ होते, पण दारावरचा आकडा थंड टायरचाच असतो, ही वाढ त्यात धरलेली असते. म्हणून सकाळी गाडी काढल्या काढल्या जवळच्या पंपावर भरायची. टायरच्या बाजूवर ४४ किंवा ५१ लिहिलेलं असतं ते जास्तीत जास्त, तेवढी भरायची नसते.

आणि तोच स्टिकर नीट वाचा, फुल लोडचा आकडा वेगळा असतो. माझ्या गाडीला मागे ३६ लिहिलंय, म्हणजे मी सांगितलेले ३३ पण कमीच होते.

समृद्धीवर तर हे जास्तच लागू, सरळ सिमेंटचा रस्ता, गाड्या तासन् तास १२० ने जातात, टायरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. दर दोन तासांनी थांबा.

नायट्रोजन फुकट असेल तर भरा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यापेक्षा हवा मोजायचा चांगला गेज घरी ठेवा, पंपावरच्या मशीनवर माझा विश्वास नाही.

४२ हजारावरून बदलायचं की नाही ते ठरत नाही. खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत नक्षी झिजली की संपलं, ती १.६ मिलिमीटरची कायद्याची मर्यादा आहे, मी पावसाळ्याआधी ३ च्या खाली ठेवत नाही. घोडबंदरच्या खड्ड्यांनी साइडवॉलला फुगा आला असेल तर नक्षी कितीही असो, बदलाच. दोनच घेणार असाल तर नवे मागे लावा, दुकानदार पुढे लावा म्हणेल.

एक सांगायचं राहिलं, माझा टायर २०१६ चा होता, सहा वर्षांचा. दाजी आता म्हणतात टायर जुना होता, खिळाही असेल. असेल. ती थडथड हवा जात असल्याचीच होती असं मलाही वाटतं. पण ३६ पासून गळायला लागलेला टायर आणि २८ पासून गळायला लागलेला टायर एकच का? याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

तुमच्या टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) ही अक्षरं असतात, त्यांच्या पुढचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. ते आणि दारावरचे आकडे इथे लिहा, मग बदलायचे की नाही ते सांगतो.