कोडावर रंग भरण्याआधी

प्रिय मुली,

टॅटूचा कोर्स संपला आणि आता कोडाचे डाग झाकायचं काम शिकायचंय, असं तू लिहिलंस. वाचून बरं वाटलं. तुझा हात चांगला आहे, ते मला ठाऊकच आहे. म्हणून हाताबद्दल काही लिहीत नाही.

माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीची गोष्ट सांगतो. पंचविशीतली मुलगी, मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग. पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार होते. आई रडली, मी विरघळलो आणि रंग भरून दिला. रंग इतका छान जुळला होता की मीच खूश. सहा महिन्यांनी ती परत आली तेव्हा त्या तपकिरी गोलाभोवती पांढरं कडं उमटलं होतं. आधी निदान एकच डाग दिसायचा, आता नजर हटेना. कोड अजून पसरत होतं आणि मी ते नीट विचारलंच नव्हतं.

पसरतं कोड असलं की त्वचेला जिथे इजा होते तिथे नवा डाग उठू शकतो. सुईचे टोचे म्हणजे इजाच की. म्हणून निदान वर्षभर नवा डाग आलेला नाही आणि जुना वाढलेला नाही, याची खात्री झाल्याशिवाय सुई लावायची नाही. ‘थांबलंय का?’ असं विचारू नकोस. लग्न तोंडावर असलेला माणूस ‘हो’च म्हणणार. वर्षभरात कुठे खरचटलं, भाजलं, चपलेचा पट्टा लागला, तिथे पांढरं झालं का, असं विचार. चपलेच्या पट्ट्याने मला फार वेळा वाचवलंय. मोबाईलमधले जुने फोटोही बघून घे.

तुझ्याकडे येतील ते बहुतेक ओठांचे आणि बोटांच्या टोकांचे डाग. तिथे केस नसतात. औषधाने कोड भरतं तेव्हा रंगपेशी बऱ्याचशा केसांच्या मुळांतून येतात, त्यामुळे अशा जागी औषधं फारशी लागू पडत नाहीत. ओठाचं काम असेल तर तापानंतर ओठावर पुळ्या येतात का, हे आधी विचार. तो नागिणीच्या जातीचा विषाणू असतो, सुईने जागा होतो. डॉक्टर आधीच गोळ्या सुरू करतात. एवढ्यासाठी तरी हे काम स्टुडिओत एकटीने घेऊ नकोस, त्वचारोगतज्ज्ञाच्या हाताखालीच कर.

रंग खिडकीच्या उजेडात जुळव, ट्यूबलाइटखाली नको. लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी, पिवळे, तांबडे रंग मिसळून हळूहळू छटा साधते. सुरुवातीला गडद दिसतं, खपली पडली की उतरतं. हे रुग्णाला आधीच सांगून ठेव, नाहीतर रात्री फोन येतो. सुई फार वर राहिली तर रंग खपलीबरोबर जातो, फार खोल गेली तर निळसर दिसतो. आजीचं गोंदण आठव. काजळी काळीच होती, पण कातडीआडून ती हिरवट-निळी दिसते. आणखी एक: कातडी उन्हाने रापते, शाई रापत नाही. मे महिन्यात जुळवलेला रंग डिसेंबरात वेगळा दिसणारच.

आता पाणी. शाई पातळ करायला नळाचं किंवा जारचं पाणी घेतलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला एकाच कलाकाराकडे गेलेल्या १९ जणांच्या टॅटूवर पुरळ उठलं. तपासात क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद सापडला. कारण निघालं करड्या शाईत. ती आधीच पातळ करून बाटलीतूनच तयार आलेली होती. आपल्याकडचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. छत्तीसगडातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाने गोंदणाच्याच जागी कुष्ठरोगाचे चट्टे उठलेले ३१ रुग्ण २००२ साली नोंदवले. जत्रेत एका सुईने रांगच्या रांग गोंदली जाते, त्याचे हे भोग. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस टिकू शकतो, म्हणून नुसतं पुसून भागत नाही. सुई प्रत्येकाला नवी, आणि शाईची टोपीही, म्हणजे शाई ओतून घ्यायची ती छोटी वाटी. उरलेली शाई बाटलीत परत ओतायची नाही.

लाल शाईला अ‍ॅलर्जी जास्त येते, कधी वर्षांनंतरही. आणि ‘आवडलं नाही तर लेझरने काढू’ असं गिऱ्हाइकाला कधीच म्हणू नकोस. आपण कोडासाठी वापरतो ते लोहाचे रंग लेझरने उलट काळे पडू शकतात. सैन्यभरतीच्या तोंडावर हातावरचं नाव पुसायला येणारी पोरं मी बघतो, त्यांचं काळ्या शाईचं असतं म्हणून निदान थोडं तरी निभावतं.

बाकी वैद्यकातली सुई वेगळी, पण बघून ठेवण्यासारखी आहे. किरणोपचाराच्या आधी नेम पक्का राहावा म्हणून तिळाएवढे ठिपके देतात. मोठ्या आतड्यातली गाठ सर्जनला सापडावी म्हणून दुर्बिणीतून आतून काळी खूण करतात. स्तन काढलेल्या बाईला स्तनाग्राचा भाग रंगाने उभा करून देतात. ते काम मात्र तू एक दिवस नक्की शीक.

पुढच्या गुरुवारी दुपारी ये. ओठाची एक केस आहे, शेजारी बसून बघ. येताना हिपॅटायटिस बी च्या लशीचं कार्ड आण, तिन्ही डोस झाले असतील तर. नसतील तर पहिला इथेच घे. आणि या वर्षभरात स्वतःच्या हातावर सराव केला असशील तर आमच्या रक्तदान शिबिराला यंदा तुझं नाव देत नाही, १२ महिने थांबावं लागतं.

तुझा,
डॉक्टरकाका