शॉक सर्व्हिसला पाठवायच्या आधी लिव्हर बघा

माउंटन बाइकच्या मागच्या हवेच्या शॉकबद्दलची (सस्पेन्शन) तुमची पोस्ट वाचली नि माझेच दोन वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. सॅग (आपण सायकलवर बसल्यावर शॉक किती दबतो ते) जेमतेम 15 टक्के येतो म्हणून शॉकमधली हवा काढली, आता उतारावर मागून ठाण्ण आवाज येतो आणि चढाला पेडल दगडाला आपटतं, असंच ना? डिट्टो माझं.

एकच विचारतो, सॅग मोजताना शॉकवरचा निळा लिव्हर (बंद केला की शॉक कडक होतो तो) कुठे होता?

माझा बंद होता. आदल्या दिवशी डांबरी घाट चढून आलेलो, तो तसाच राहिला. परसातल्या गडग्याला कोपर टेकून सायकलवर बसलो, उतरून शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग (किती दबला ते दाखवते ती) बघतो तर 8 मिलिमीटर. माझ्या शॉकचा स्ट्रोक (पूर्ण दबला तर किती दबतो ते) 50 मिलिमीटरचा, म्हणजे हवे होते 14-15. मग काय, हवा सोडत गेलो सोडत गेलो, 185 पीएसआयवरून 135 वर आलो तेव्हा कुठे रिंग जागेवर आली. खूश! दुसऱ्या दिवशी लिव्हर उघडला आणि देवगडकडच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) गेलो, जांभ्याच्या पहिल्याच पायरीला शॉक तळाला.

इथे डोकं वापरायचं सोडून मी ठरवलं की शॉकचं सील (आतली हवा अडवणारं) गेलं. शहरातल्या एका सर्व्हिसवाल्याकडे शॉक पाठवला (नाव नाही घेत, उगाच वाद नको). सहा आठवडे!! फोन केला की "पार्ट येतोय". 9 हजार बिल. आणि एकाने, एकानेही विचारलं नाही की बाबा प्रेशर किती ठेवतोस, लिव्हर कुठे असतो. परत आला, मी पुन्हा 135 भरले, पुन्हा ठाण्ण. शेवटी गोव्याचा एक पोरगा सड्यावर भेटला, त्याने दोन मिनिटांत पकडलं: लिव्हर बंद ठेवून मोजलं म्हणून सॅग कमी दिसला, नि मी नको तेवढी हवा काढून बसलो.

पंप कसा लावायचा वगैरे सांगत नाही, ते माहितीच असेल. लिव्हर पूर्ण ओपन. हेल्मेट, पाण्याची बॅग सगळं अंगावर, माझं बनियनवरचं वजन नि राईडचं वजन यात 5 किलो फरक पडतो. पेडलवर उभं राहून दोनचार हलके दाब द्या, मग स्थिर व्हा, रिंग दुसऱ्याला सरकवायला सांगा आणि न आपटता उतरा. टक्के शॉकच्या स्ट्रोकवर काढायचे, चाकाच्या 140 मिलिमीटर ट्रॅव्हलवर (चाक किती वरखाली होतं त्यावर) नव्हे. हवा भरली की शॉक सावकाश आठदहा वेळा दाबा, आतल्या निगेटिव्ह चेंबरमध्ये हवा जाते, मग पंपाचा काटा खाली येतो, घाबरू नका, परत भरा. पंप काढताना फुस्स होतं ती नळीतली हवा, शॉकची नाही.

मी 28 टक्क्यांवर ठेवतो. कंपनीचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तो माना, मी काही मेकॅनिक नाही. रिबाउंड (दबलेला शॉक परत वर यायचा वेग) सॅग जमल्यावरच लावा. फार स्लो केलात तर कातळावर लागोपाठ दगड आले की शॉक वर यायलाच वेळ मिळत नाही, खाली खाली बसत जातो, आणि आपल्याला वाटतं हवा कमी आहे.

अजून एक, विषय वेगळा आहे पण राहवत नाही. किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्याने हळू धुवा, प्रेशर वॉशर बेअरिंगवर मारू नका. शॉकच्या दांड्यावर लाल मातीची रेघ दिसली तर कोरड्या फडक्याने लगेच पुसा, तीच सील खाते. आणि शॉक उघडायचाच झाला तर हवा पूर्ण काढल्याशिवाय हात लावू नका, जीवाशी खेळ आहे.

तर लिव्हर उघडून परत मोजा नि किती मिलिमीटर आले ते टाका इथे. तोवर कुरियर करू नका.