चाळिशीनंतर एमटीबी (माउंटन बाइक) : गुहागरच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही लिहिलंय की वय 46, वजन 74, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1 आलंय, बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे, मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून त्याची एमटीबी पडवीत उभी होती ती तुम्ही काढलीत, आणि पालशेतच्या रस्त्याला पहिल्याच चढावर एवढी धाप लागली की उतरावं लागलं, वर गुडघाही पुढून दुखतोय, तर हे ह्या वयात झेपेल का की सरळ चालायला जाऊ.

झेपेल. नक्की झेपेल. मी दापोलीकडची, तुमच्यापेक्षा वयानं मोठी, आणि माझ्यासोबत सायकलवर येणाऱ्या बऱ्याच बायका पंचेचाळिशीनंतरच सुरू झाल्या आहेत. पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. दोष तुमच्या दमात नाहीये, आपल्या जमिनीत आहे. देशावरच्या माणसाला सपाट रस्त्यावर हळूहळू दम वाढवता येतो, आपल्याकडे गाव खाली खाडीला किंवा समुद्राला लागून आणि वर एकदम सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, मधे उभी घाटी. म्हणजे घरातून निघालं की अंग गरम व्हायच्या आत चढ छातीवर येतो. तिथे नवीन माणसाचं हृदय लगेच वरच्या टोकाला जातं, मांड्या भरून येतात आणि वाटतं आपलं वय झालं. तसं नसतं हो.

म्हणून पहिला महिना-दीड महिना चढाच्या वाटेला जाऊच नका. तुमच्याकडे गुहागरात ती सोय आहे जी आम्हाला नाही, वरचा पाट ते खालचा पाट सरळ सपाट रस्ता, माडा-पोफळीच्या सावलीतला. सकाळी उजाडल्यावर निघा, दुर्गादेवीच्या देवळापासून व्याडेश्वराकडे आणि पुढे खालच्या पाटाकडे, तिथून परत, जेमतेम अर्धा तास, आठवड्यातून चार-पाच दिवस. वेग असा ठेवा की शेजारी कोणी असेल तर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येणार नाही पण बोलता येईल. घड्याळातले ठोके बघत बसू नका, 220 वजा वय हे गणित तुम्हाला लागू नाही कारण मेटोप्रोलॉल ठोके मुळातच कमी ठेवतं, मग आकडा कमी दिसतो म्हणून माणूस जास्त जोर लावतो आणि ते धोक्याचं. बोलता येतंय का एवढंच बघा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, पाच दिवस पूर्ण अर्धा तास गेलात तर ते ह्यातच होऊन जातं. आणि साखरेसाठी महत्त्वाचं म्हणजे सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, कारण व्यायामानंतर स्नायू साखर चांगली ओढून घेतात तो परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, मग उतरतो. रविवारी एकदम तीन तास आणि बाकी आठवडा काही नाही, ह्याचा तुम्हाला उपयोग नाही.

हे सगळं सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, ईसीजी आणि ते म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या, टाळू नका. छातीत जड वाटलं, जबडा किंवा हात भरून आला, गरगरलं तर तिथल्या तिथे थांबायचं, घरापर्यंत जाऊ म्हणायचं नाही.

आता गुडघा. माझा अंदाज असा की दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून तुम्ही सीट पार खाली घेतली असणार, सगळेच घेतात. सीट खाली असली की गुडघा फार दुमडतो आणि पुढून दुखतो. भिंतीला धरून बसा, पेडल सगळ्यात खाली असताना टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला पाहिजे, एवढी सीट वर. मग चालवताना चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा थोडासा बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, ती सवय चार दिवसात लागते. दुसरं म्हणजे गिअर. जड गिअरवर रेटत जाऊ नका, हलका टाका, पाय भरभर फिरू देत, मिनिटाला साठ-सत्तरच्या वरच. चढ दिसला की तो सुरू व्हायच्या आधीच गिअर उतरवायचा, अर्ध्या चढावर जोर लावताना बदलला तर चेन कडकड करते आणि कधी निसटते.

ढकलण्याबद्दल मला सगळ्यात मनापासून सांगायचंय. दीड महिन्यानंतर सड्यावर जायला लागाल तेव्हा घाटी चढताना धाप लागली की उतरा आणि सायकल हातात धरून चढा, अजिबात लाजू नका. सायकलिंगमध्ये शरीराचा भार सीटवर असतो, त्यामुळे दम वाढतो, मांड्या घडतात, पण हाडांना फारसा ताण मिळत नाही, आणि पाळी जायच्या आसपासच्या वयात आपल्याला हाडांचीच काळजी असते. पायी चढ चढताना, त्यात पंधरा किलोची सायकल ढकलताना तो ताण मिळतो. म्हणजे ते ढकलणं तुमच्या व्यायामातच धरा. घरी आठवड्यातून दोनदा खुर्चीतून उठ-बस आणि थोडं वजन उचलणं तेवढं जोडा.

एकदा वर पोचलात की सडा म्हणजे सुख आहे ताई. कातळ, गवत, आंबा-काजूच्या बागांकडे जाणारे लाल मातीचे रस्ते, लांबवर समुद्र, वाहनं जवळजवळ नाहीत. तिथेच खरी एमटीबी शिकायची. पण आत्ता पाऊस नुकताच संपलाय, कातळावर ओलसर जागी शेवाळ असतं ते काचेसारखं निसरडं, आणि गवत वाढलेलं आहे त्यात फुरसं (विषारी साप) असतं, म्हणून मळलेली वाट सोडू नका, बूट बंद घाला. चिरेखाणीच्या रस्त्यावर ट्रकच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या असतात, त्यात पुढचं चाक अडकवू नका. कातळशिल्पं दिसली तर त्यांच्यावरून चाक नेऊ नका, लांबून वळा. वर रेंज सगळीकडे मिळत नाही, कुठल्या बाजूला जाताय ते घरी सांगून निघा.

उतारावर दोन्ही पेडल एका पातळीत, सीटवरून थोडं उठून भार पायांवर, कोपर सैल, नजर चाकापुढे न ठेवता लांब. ब्रेक दोन्ही, एकेका बोटानं, वळणाच्या आधीच. नुसता मागचा दाबला तर खडीवर चाक घसरतं, पुढचा एकदम आवळला तर माणूस हँडलवरून जातो. हेल्मेट सपाटीलाही. हवा दुकानदार दगडासारखी भरून देतात, तुमच्या वजनाला आणि त्या जाड टायरना 30 पीएसआयच्या आसपास पुरे, मातीत पकड येते आणि मनगटं बधिर होत नाहीत. ओढणी नको, ट्रॅकपँटची उजवी बाजू चेनपासून बांधून घ्या.

समुद्रावर सायकल नेऊ नका, कितीही मोह झाला तरी. खारं पाणी आणि रेती चेन खाऊन टाकते. पडवीतसुद्धा खारा वारा लागतो, तेव्हा आठवड्याला चेन पुसून तेल.

तासाभराच्या आत असाल तर साधं पाणी पुरतं. त्याहून जास्त वेळ असेल तर कोकम सरबत, साखर अगदी कमी. परत आल्यावर भूक खूप लागते तेव्हा नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी, नाहीतर अंडी, घावनांवर घावनं नकोत. वजन काटा हळू हलतो, कमरेचं माप आणि जेवणानंतरची साखर आधी बदलते, तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करा.

एक राहिलं, सायकल मुलाच्या उंचीची आहे. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून जमिनीवर उभ्या रहा, वरच्या दांड्यात आणि तुमच्यात किमान 2 इंच जागा आहे का बघा, हँडल धरताना फार पुढे वाकावं लागतंय का तेही. वाकावं लागत असेल तर आखूड स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) बसवून काम होतं, दांडाच उंच असेल तर मात्र दुसरी फ्रेम लागेल, हट्ट करू नका. तुमची उंची आणि फ्रेमवर लिहिलेली साइज कळवा, मग सांगते. दिवाळीनंतर मी दाभोळ-धोपावे फेरीनं पलीकडे येणारच आहे, तोवर सपाटीवर चालू ठेवलंत तर एक सकाळ सड्यावर बरोबर जाऊ.